कर्ण्यातल्या सासूबाई

माझ्या सासूबाई मला कधीही सरळ काही सांगत नसत. आमटी अळणी झाली, की त्या फडताळातल्या मिठाच्या बरणीकडे बघून म्हणत, "काय गो बाय, रुसलीस होय? आज तुला कोणी हातसुद्धा लावला नाही वाटतं." मी दुपारी जरा जास्त वेळ आडवी झाले, तर स्टोव्हची चौकशी व्हायची, की बाबा, तुला आज रजा आहे का. शेजारणीशी बोलत दारात उभी राहिले, की त्यांना केरसुणीची दया यायची. बिचारी कोपऱ्यात एकटी पडली आहे म्हणून. केरसुणी, पोळपाट, कपडे वाळत घालायची काठी, सगळ्यांशी त्यांचं बोलणं होतं. माझ्याशीच तेवढं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी ठाण्याला आले. कोपरीत, चाळीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आमचे हे मुंबईला कचेरीत कारकून. सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीनंतर परत. मधला सगळा दिवस घरात आम्ही दोघी बायका आणि भांडीकुंडी. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. सासरे गेले तेव्हा आमचे हे शाळेतही जात नव्हते. पुढचं सगळं त्यांनी एकटीने निभावलं आणि त्या एकटेपणात त्यांना ही सवय लागली असावी. असावी असं आज म्हणते. तेव्हा मला फक्त राग यायचा, आणि राग आला की मला नक्कल सुचते. माझा स्वभावच तसा आहे.

पहिली नक्कल केली ती चाळीतल्याच एका घरी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आंब्याची डाळ खाऊन झाली, पन्हं पिऊन झालं, मुलींनी गाणी म्हटली. मग मला आग्रह सुरू झाला. मला गाता येत नाही आणि उखाण्यांत माझा जीव रमत नाही. म्हणून त्यांच्याच फडताळातली लोणच्याची बरणी पुढ्यात घेतली, पदर डोक्यावरून घेतला आणि सासूबाई झाले. बायका हसता हसता रडायला लागल्या. एकीने तर पन्ह्याचा पेला लवंडला. त्या माझ्या सासूबाईंना हसत होत्या असं नाही. प्रत्येकीच्या घरात तशी एक होती.

तिथून बोलावणी सुरू झाली. आधी शेजारच्या चाळी, मग ठाण्यातलंच खोपट, मग खाडीपलीकडे कळवा. नंतर कल्याणला जुन्या घरांतून आणि डोंबिवलीला नव्या इमारतींतून. डोंबिवलीत तेव्हा रोज कुठे ना कुठे पाया खणला जात होता आणि इमारत उभी राहायच्या आत तिथल्या बायकांचं मंडळ उभं राहत होतं. हळदीकुंकू म्हटलं की कार्यक्रम हवाच, आणि कार्यक्रम म्हटला की मला निरोप यायचा. मानधन म्हणजे ओटीचा नारळ आणि जास्तीचं एक वाण. पण त्या कामाचा मला लळा लागला. घरात मी कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी सून होते. तिथे गेले की खोलीभर बायका माझ्या एका भुवईकडे डोळे लावून बसायच्या. मी हळूहळू शिकत गेले. वस्तूला हाक मारली की जरा थांबायचं. आपण हसायचं नाही. हसू पुरतं ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या विधवा, त्यामुळे हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावत नसे आणि त्या आपण होऊन कुठे जात नसत. ज्या बाईची नक्कल बघायला बायका कल्याणहून ठाण्याला यायच्या, त्या बाईला त्या खोलीत पाऊल ठेवायची सोय नव्हती. ही रीत वाईट आहे असं मला वाटायचं, पण माझ्या सोयीची आहे हेही मला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांची नक्कल करण्यात मी काही वावगं करत होते असं मला आजही वाटत नाही. माणूस ज्याच्या घरात राहतो त्याचीच नक्कल करणार. परक्याची करायला मी काय त्याच्याकडे जेवायला होते?

सात-आठ वर्षं हे असं छान चाललं. मग हवा पालटली. बायकांच्या मंडळांनाही सिनेमाच्या गाण्यांचे कार्यक्रम हवेसे वाटू लागले. पेटी, व्हायोलिन, ढोलक घेऊन मुलं यायची आणि बसायला जागा पुरायची नाही. माझी बोलावणी कमी झाली. त्याच सुमाराला कोपरीतल्याच एका गणेशोत्सवाचे चिटणीस घरी आले आणि यंदा मांडवात बाईंच्या नकला ठेवू म्हणाले. सासूबाई तेव्हा नळावर गेल्या होत्या. मांडवात पुरुष असणार, मुलं असणार, चार गल्ल्यांतली माणसं असणार. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, करायचं असेल तर कर. मी लगेच हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर माझं काम तिथेच थांबलं असतं, आणि मला ते थांबायला नको होतं.

मांडवात मी पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले. यापासून लांब जाऊ नका, एवढंच मला सांगितलं होतं. माझी भुवई तिथे कोणाला दिसत नव्हती, पण आवाज मात्र कुठल्या कुठे जात होता. पुढचे लोक आधी हसायचे, मागचे जरा वेळाने, आणि मांडवाबाहेर रस्त्यावर उभे असलेले त्याहून उशिरा. मी बरणी घेतली, स्टोव्ह घेतला, केरसुणी घेतली. त्या दिवशी मी फार चांगली नक्कल केली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

कर्णे दोन होते. एक मांडवाच्या तोंडाशी बांधलेला आणि दुसरा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच कोपऱ्यावर उघडत होती. तारा ओढणाऱ्यांनी काही मला विचारून तो बांधला नव्हता.

घरी आले तेव्हा सासूबाई खिडकीखाली बसून तांदूळ निवडत होत्या. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भात निवला आहे. गरम करून घे." यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. इतक्या वर्षांत सासूबाई माझ्याशी सरळ बोलल्या असं ते पहिलं वाक्य होतं. मला काय ते कळलं. भात मी तसाच गार खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तूंशी बोलणं बंद झालं. मीठ कमी आहे. दूध उतू जाईल. पाणी भरून ठेव. जे काही असेल ते माझ्या तोंडावर, मोजक्या शब्दांत. चिडणं नाही, टोमणा नाही. कुठल्याही सुनेने नवस बोलून मागावं असं हे सुख, आणि मला ते सोसवेना. स्वयंपाकघर इतकं गप्प झालं, की स्टोव्हचा आवाजसुद्धा मला बरा वाटायचा. माफी मागायची तर कशाबद्दल, ते शब्दांत धरता येत नव्हतं, आणि मला माफी मागायचीही नव्हती. मला ते बोलणं परत हवं होतं.

त्याच दिवाळीत कल्याणला कार्यक्रम होता. गाण्यांच्या मधे, वादक आपली वाद्यं लावून घेतात तेवढ्या वेळात, मला उभं केलं होतं. मी तीच नक्कल केली आणि ती पडली. शब्द सगळे होते, पण कानात सासूबाईंचा आवाज उरला नव्हता. मी माझ्याच जुन्या नकलेची नक्कल करत होते, आणि लोकांना ते लगेच कळतं. पुढच्या वर्षीचं बघू, असं व्यवस्थापक म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला समजत होतं. परतीच्या वाटेवर मी घाबरून गेले होते. आता हे सगळं संपलं, आपण पुन्हा नुसत्या दोन खोल्यांतल्या झालो, असं वाटत होतं.

डोंबिवलीच्या मंडळातल्या एका बाईंनी तेव्हा रेडिओचं सुचवलं. बायकांच्या कार्यक्रमात असल्या गोष्टी घेतात, आवाजाची परीक्षा देऊन बघा, म्हणाल्या. यांनी कचेरीत रजा टाकली आणि हे मला मुंबईला घेऊन गेले. खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं, दार बंद. टेबलावर माइक. काचेपलीकडे एक गृहस्थ. त्यांनी हाताने खूण केली आणि मी सुरू केलं. कोणी हसलं नाही. हसणार कोण? काचेपलीकडचे गृहस्थ आवाज मोजणाऱ्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघत होते. संपल्यावर ते आत आले आणि त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं, की तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर थांबता ते कोणासाठी? मी म्हटलं, हसण्यासाठी. ते म्हणाले, इथे हसू नसतं, महिन्याभराने पुन्हा या.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय झालं. आता त्या सगळं सरळच विचारत. मीही सरळ सांगितलं, "आई, तिथे समोर माणूसच नसतं. एका वस्तूशी बोलायचं. मला जमलं नाही."

त्या वाल सोलत होत्या. हातातला वाल त्यांनी सोलून ताटलीत टाकला. मग म्हणाल्या, "मला जमलं ते. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते?"

मी त्यांच्यासमोर येऊन बसले.

"बरणी बोलत नाही हे मला ठाऊक नव्हतं का गो? पलीकडच्या खोलीत कोणी ऐकत असेल, म्हणून बोलायचं. ऐकतंय की नाही, तेही कळत नाही. तरी बोलायचं." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "मला वाटायचं, या घरात माझं कोणी ऐकत नाही. त्या दिवशी कर्ण्यावरून कळलं. शब्द न् शब्द ऐकला होतास तू. मी विसरले होते तेसुद्धा. मग एकदाही ओ का दिली नाहीस?"

हजरजबाबी म्हणून माझं नाव होतं. त्या वेळी मी ते बाजूला ठेवलं. जे खरं होतं तेच बोलले, "ओ दिली असती तर तुम्ही बोलायच्या थांबला असता."

"न देताही थांबलेच की," सासूबाई म्हणाल्या आणि वाल घेऊन आत गेल्या.

त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. या दोहोंतला फरक मला इतक्या महिन्यांत कळला नव्हता, आणि मी स्वतःला माणसं ओळखणारी म्हणवत होते. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभराने मी पुन्हा गेले. माइककडे बघितलं आणि मनाशी ठरवलं, की ही मिठाची बरणी आहे आणि सासूबाई आतल्या खोलीत आहेत. मग उत्तराची वाट बघावीशी वाटली नाही. या वेळी काचेपलीकडच्या गृहस्थांनी काट्यांवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. पुढे बरीच वर्षं मी हे काम केलं. मांडव बदलले, रेडिओतली माणसं बदलली. हळदीकुंकवाला सात-आठ वर्षं पुरलेली नक्कल रेडिओवर एका संध्याकाळीत जुनी व्हायची, मग दुसरी बसवायची. इतकी टिकलात कशा, असं नवी मुलं विचारतात. त्यांना मी काहीतरी थातुरमातुर सांगते. खरं उत्तर असं, की कुठेही उभी राहिले तरी मी आमच्या आतल्या खोलीशीच बोलत आले.

पण मला सांगायचं आहे ते रेडिओवरच्या पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळचं. जायच्या आधी मी सासूबाईंना विचारलं होतं, तुमचंच करू ना? त्या म्हणाल्या, कर, दुसरं येतंय काय तुला? रेडिओ चाळीत एकाच घरी होता. जिथे मी पहिली नक्कल केली तेच ते घर. त्या घरच्या बाई स्वतः सासूबाईंना बोलवायला आल्या. कुंकवाची कुयरी नव्हती, ओटी नव्हती, त्यामुळे कोणाला संकोच करायचं कारण उरलं नव्हतं. सगळ्या बायकांत सासूबाई रेडिओला अगदी खेटून बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. हसल्या का, असं मी विचारलं. ऐकत होत्या, एवढंच शेजारीण म्हणाली.

आम्ही मुंबईहून परत आलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी बाहेर डोकावून बघितलं नाही. मी बाहेरच्या खोलीत चपला काढत होते. आत फडताळाचं दार वाजलं आणि बरणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय गो बाय, ऐकलंस ना? आपली सून आज रेडिओत भारी घाईने बोलली. तुझं नाव घेतलं नि तुला रुसायलासुद्धा वेळ दिला नाही."

आमचे हे माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांनंतर आलेलं पहिलं वाक्य होतं ते, आणि झकास होतं. जुन्या सवयीने मी ते मनात टिपून ठेवायला लागले. मग भानावर आले.

"हो आई," मी बाहेरूनच ओ दिली. "घाई झाली खरी. पुढच्या वेळी थांबेन."

आत बरणीचं झाकण लागलं.

"कुठे थांबायचं ते सांगते," सासूबाई म्हणाल्या. "ये आत."