निंबापेक्षा ठेंगणा मनोरा

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी मला माझं चित्र खोडावं लागलं. त्याचं अजून बरं वाटतंय.

शेजारच्या मार्थामावशी निवृत्त नर्स. उद्या त्या वाशीम सोडून लेकीकडे नागपूरला कायमच्या राहायला जाणार. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं ते कागदावर काढून दे, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं.

मी मन लावून काढलं. टिनाची छपरं, निंबाचं झाड आणि सगळ्यांच्या वर चर्चचा मनोरा.

मावशींनी चष्मा लावला. "हे कोनाचं चर्च आहे वं? आपला मनोरा तं निंबाच्या खाली आहे. चार बुकं जास्त शिकली म्हणून वाढवला काय?"

"मावशी, चित्रात मनोरा उंचच काढतात. नजर वर जाते, देवाकडे."

"देव मले नागपुरातही भेटन. हा मनोरा कुठं भेटन?"

मी खोडरबर घेतलं आणि खिडकीशी जाऊन नीट पाहिलं. मनोरा पानांआड होता. टोकाचा क्रूस तेवढा फांद्यांमधून अधूनमधून दिसत होता. तसाच काढला.

मावशींनी कागद खिडकीशेजारी धरून ताडून पाहिला. "गुडघे गेले तवापासून मी याच खिडकीतून प्रार्थना करून राह्यली. पानं हालली का क्रूस दिसते. बस."

त्या मनोऱ्याजवळून मी रोज जाते. तो केवढा आहे, हे आज मावशींनी दाखवलं. त्यांचे आभार मानायचे राहिले, म्हणून इथे लिहिते.

तुमच्या खिडकीतलं काय जसंच्या तसं काढून हवं आहे?