दिराला ठसका लागला नाही

मिरची जळल्याचा वास आला की मला माझा धाकटा दीरच आठवतो. कॉलेज सोडून तो झाई गावाच्या हद्दीपलीकडे, गुजरातेत कुठल्याशा आश्रमात ध्यान शिकायला गेला नि परत आला तो मुकाच, मासळी बंद, दिवसभर पडवीत डोळे मिटून बसायचा. सासू म्हणाली, "एवढं शिकवलं नि खांब होऊन बसला! कुणाची तरी नजर लागलीय, दृष्ट काढ." मी मीठमिरच्या त्याच्यावरून ओवाळून तिथंच शेगडीत टाकल्या. ज्याची दृष्ट काढली त्याला ठसका लागला नाही तर नजर मोठी, असं आमच्यात मानतात. सासू खोकली, मी खोकले, माझ्या कडेवरचं बाळ खोकून लालबुंद झालं, नि ह्याच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळतंय, खोकला नाहीच. तेवढ्यात तो उठला, बाळाला घेऊन अंगणात चिकूखाली वाऱ्याला गेला, बाळ लगेच गप्प. नि तिथंच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला, "वहिनी, याला रोज माझ्याजवळ बसव ना." मी बाळ हिसकावूनच घेतलं, म्हटलं, घरात एक खांब झाला तेवढा पुरे. आता तो आश्रमातच राहतो, सणाला येतो, गोड हसतो, पोरगं धावत त्याच्या मांडीवर जातं, नि मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते, तो जाईपर्यंत.