चार दगडांचं वजन

माझ्या सासऱ्याच्या होडीची तयारी मी केली आणि ती बुडाली. तयारीला तीन आठवडं लागलं. बुडायला तीन मिनिटं बी लागली न्हाईत.

आता तुमी म्हणाल, लोणीच्या माणसाचा आणि होडीचा संबंध काय? बरोबर हाये. आमच्या लोणीत पाणी म्हंजे एक तर हिरीत, न्हाईतर टँकरात. मला पवता येत न्हाई. अंघोळीला बी मी बादलीपासनं जरा लांबच बसतो. पण छकडा या विषयात मला मान हाये. (मान म्हंजे लोक विचारतात. विचारून झाल्यावर काय करतात, ते मी बघायला जात न्हाई.) बैलगाड्याच्या शर्यतीचा छकडा जेवढा हलका तेवढी बारी, म्हंजे गाड्याची धाव, जोरात, एवढं एकच मला कळतं. पण ते लई कळतं. एकदा मी चुलतभावाचा छकडा इतका हलका करून दिला, की शर्यतीच्या घाटात बैल पहिलं आलं आणि छकडा आलाच न्हाई. निम्म्या वाटंवर त्याचा आख मोडला व्हता. तरी सेकंद बघा, असं मी सगळ्यांना सांगत व्हतो.

होडी व्हती सासऱ्याची. त्यांना मी मामा म्हणायचो, मंदा आबा म्हणायची. मंदा म्हंजे माझी बायको. तिचं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या काठाला. खरं गाव खाली पाण्यात हाये, आता हाये ती वर वसवलेली वाडी. धरण भरायच्या आधी मामांनी घर स्वतःच्या हातानं उतरवलं. माळ्याच्या सागवानी फळ्या काढल्या आणि त्याचीच ही होडी केली. वल्ही केली, मधी एक खांब उभा केला, त्याला ताडपत्रीचं शीड लावलं. त्या पाण्यात मासं धरणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या होडीला शीड नव्हतं. मामा सगळ्या पाण्यात एकटं हिंडायचं. मंदाला लहानपणी त्यांनी वल्हवायला शिकवलं, आणि एक शब्द दिला व्हता. एकदा तुला पार वरच्या टोकाला नेतो, आहुप्याच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पण त्याला दोन मुक्काम लागायचं. कधी मासं, कधी भात, कधी तिचं लगीन, असं करत ते ऱ्हायलं. मग मामा गेलं.

होडी चार वर्षं मेव्हण्याच्या, बाळूच्या, पडवीत पडून व्हती.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मंदानं मोबाईल माझ्यापुढं धरला. पुण्याची काही मंडळी धरणात होड्यांचा मेळा भरवत व्हती. तीन दिवस, वल्ही आणि शीड, इंजिन न्हाई. धरणाच्या भिंतीपासनं पार वरच्या टोकाला जायचं आणि परत यायचं, काठावर दोन मुक्काम. एका होडीत दोघं न्हाईतर तिघं. ती म्हणाली, मी आणि बाळू जातो. मंदानं बावीस वर्षांत माझ्याकडं काही मागितलं न्हाई. (मागून मिळंल असं तिला वाटलं नसंल.) मी लगेच म्हणलो, जावा, होडीची तयारी माझ्याकडं.

ती म्हणाली, "तयारी बाळू करंल. तुमी डबा बांधा."

मला राग आला. मी म्हणलो, शर्यतीची गाडी तयार करणं कुणाला कळतंय? ती म्हणाली की ही शर्यत न्हाई, तीन दिवस जायचं आणि परत यायचं, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय. हे मी ऐकलं. पण जो माणूस जन्मभर बारा-तेरा सेकंदाच्या बाऱ्या बघतोय, त्याच्या डोक्यात तीन दिवस बसत न्हाईत. मला वाटलं, बाई माणूस, नम्रपणानं बोलतीय.

मी शेतीची कामं चुलतभावावर टाकली आणि सासुरवाडीला जाऊन बसलो. बाळूनं फळ्यांच्या फटी बुजवल्या, डांबर लावलं. ते त्याचं काम झालं. मी सुरू केलं हलकं करायला. बसायच्या तीन फळ्या व्हत्या, त्यातली एक काढली. दोघांना तीन फळ्या कशाला? वल्ह्यांच्या दांड्या रंध्यानं तासल्या. दोरखंड जाडजूड, लई लांब व्हता, तो निम्मा कापला. पाणी उपसायचा पत्र्याचा डबा व्हता, त्याच्या जागी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा ठेवला. बाळू दर वेळी येऊन बघायचा आणि म्हणायचा, "दाजी, राव, आक्काला इचारलं का?" मी म्हणायचो, तिला सरप्राईज हाये.

मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी होडी पाण्यात सोडली, आणि बाळूनं पडवीतनं चार दगडं आणून तिच्या तळात मांडली. चपटी, घडीव, एकेक सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढं जड. तळातल्या आडव्या लाकडांच्या मधी एकेक दगड असा बसला, जशी चौकटीत पाटी बसावी. मांडून बाळू जेवायला गेला.

मी त्या दगडांकडं बघत बसलो. तीन आठवडं मी तोळा-तोळा तासतोय आणि ह्या गड्यानं एका दमात क्विंटलभर दगड भरलं! मग माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं पत्र्यावर दगडं ठेवतात, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. मामा म्हातारे झालते, होडी काठाला बांधून घरी जायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवत असतील. आता होडीत माणसं बसणार, मग उडंल कशी? हा इचार मी स्वतः केला. मला कुणी मदत केलेली न्हाई.

काठ तिथं एकदम खोल हाये. मी चारी दगडं एकेक करून पाण्यात सोडली. धप्प, धप्प, धप्प, धप्प. होडी चार बोटं वर आली. मी लांबनं बघितलं आणि लई समाधान वाटलं.

दुपारी तपासणी व्हती. मेळ्याच्या मॅडम व्हत्या, गळ्यात शिट्टी, हातात कागद. प्रत्येक होडीनं शीड लावून आत सोडलेल्या लाल पिंपाला वळसा घालून यायचं. जी येईल ती उद्या जाईल, जी येणार न्हाई ती राहील. मी भंडारा घेऊन काठावर तयार. मंदा आणि बाळू बसले. बसतानाच मंदा खाली बघून काहीतरी म्हणाली, पण तवर शिट्टी झाली आणि मी शर्यतीतल्यासारखा भंडारा उधळून भिर्रर्र करून ओरडलो. बाळूनं शीड वर घेतलं. वारं आलं.

होडी पळाली. मी खोटं सांगत न्हाई, सुरुवातीची दहा-बारा सेकंद ती होडी कुणाच्या बापाला ऐकली नसती. मी सेकंद मोजत व्हतो. तेराव्या सेकंदाला ती एका अंगाला झुकली, जशी म्हैस चिखलात बसती तशी निवांत, आणि शीड पाण्यावर पसरलं. मग फक्त दोन डोकी आणि श्रीखंडाचा डबा.

दोघं बी पवत आले, होडी ओढत आणली. मॅडम चिडल्या न्हाईत, पण म्हणाल्या की उद्या सकाळी आठला परत दाखवा, न्हाईतर ही होडी सोडता येणार न्हाई. मंदानं पदर पिळला. होडी काठाला टेकली तशी ती वाकली आणि रिकाम्या तळाकडं बघत ऱ्हायली.

"आबांची दगडं कुठंयत?"

मी बोट दाखवलं.

ती तशीच काठाच्या कडंला जाऊन खाली पाण्यात बघाय लागली. बाळूनंच मला बाजूला नेऊन सांगितलं. ती दगडं घराच्या जोत्याची व्हती. मामांनी घर उतरवलं तवा फळ्यांची होडी केली आणि उंबऱ्याजवळची चार दगडं तळाला घातली. शीड लावलं की वारं होडीला वरनं ढकलतं, म्हणून खाली वजन लागतं. तळाशी जड असंल तर होडी उभी ऱ्हाती. "दाजी," तो म्हणाला, "ही एवढीच दगडं वर आलती. बाकीचं घर खालीच हाये."

त्यानं सहा-सात बुड्या मारल्या. खाली गाळ, हात कोपरापर्यंत जातो म्हणाला, दगड लागत न्हाई.

मग आमी वजन शोधायला लागलो. बाळूनं वढ्यातनं गोल गोटं आणलं. शीड लावलं, होडी जराशी झुकली की सगळं गोटं गडगडत त्याच अंगाला. त्यापरीस रिकामी बरी. मग पोत्यात माती भरली. पोतं झिरपलं, होडीत गाऱ्याचा चिखल झाला. मग मी सुचवलं की माझ्या गाडीत कांद्याच्या दोन गोण्या हायेत. (कांदा मला मंचरच्या बाजारात न्यायचा व्हता, पण तयारीत राहून गेला.) एक गोणी फाटली. कांदा पवतो हे मला तवा कळलं. माझ्यापेक्षा चांगला पवतो.

असं करत रात गेली, सकाळचं सव्वासात वाजलं. बाकीच्या होड्या रांगंत लागल्या व्हत्या. मंदा काठावर बसली व्हती. ती वरच्या अंगाला बघत व्हती, जिकडं पाणी डोंगरात शिरतं. तिच्या डोळ्यांत पाणी न्हवतं, पण मी बावीस वर्षं बघतोय, मला कळतं. मी जाऊन म्हणलो, माझं चुकलं. बावीस वर्षांत हे बी मी पहिल्यांदाच म्हणलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं न्हाई. पोटाकडं. मग खालनं वर, वरनं खाली, बाजारात बैल बघतात तसं.

"तुमचं वजन किती भरलं व्हतं दवाखान्यात?"

मी म्हणलो, "अठ्ठ्याण्णव."

"बसा."

"कुठं?"

"दगडं व्हती तिथं."

मला पवता येत न्हाई हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दगडांना बी येत नव्हतं. मॅडमनं लाल जाकीट दिलं, ते पोटावर बसंना. मी कापून ठेवलेला दोरखंडाचा तुकडा व्हता, तोच बाळूनं जाकिटाभवती गुंडाळला. मला तळात आडवं घातलं. लाकडं पाठीत रुतत व्हती, मामांनी ती दगडांच्या मापानं केलती. मंदानं नियम सांगितलं. ती डावीकडं म्हणली की डावीकडं सरकायचं, उजवीकडं म्हणली की उजवीकडं. उठायचं न्हाई. बोलायचं न्हाई. मग शिट्टी झाली, आणि आमी लाल पिंपाला वळसा घालून आलो. होडी उभी व्हती. मॅडम म्हणाल्या, छान, काय बदललंत? बाळू म्हणाला, दगड.

तीन दिवस मी धरण बघितलं न्हाई. मला फक्त आभाळ दिसायचं, शिडाचा एक कोपरा, आणि वल्हवणारी मंदा, ती बी खालनं. वल्हं टाकायला पुढं वाकायची आणि वढत मागं जायची. मी तासलेली वल्ही तिच्या हातात वाकत व्हती, तरी तिचा ताल मोडत नव्हता. घरी तिला मी चुलीपुढं बघितली, शेतात बघितली, माझ्यावर चिडलेली तर रोज. ही बाई मी कधी बघितली नव्हती. एकदा मी हे तिला सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, डावीकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, आलं. डोकं जरा वर करायची परवानगी मिळाली. आहुप्याच्या अंगाचा डोंगर सरळ पाण्यातनं वर गेलता. तिनं खाली हात घालून ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडलं. बाळूनं तोंड फिरवलं. मला बी काहीतरी म्हणायचं व्हतं, पण मला मनाईच व्हती.

तिसऱ्या दिवशी परत येताना एके ठिकाणी तिनं वल्हं थांबवलं. म्हणाली, ह्याच्या खाली आमचं घर. होडी तिथंच जराशी हलत ऱ्हायली. ज्या घराच्या फळ्यांवर मी पडलो व्हतो, ते घर बरोबर माझ्या पाठीखाली, कितीतरी पुरुष खोल. माझ्या मनात ते चार धप्प आवाज आले. मी म्हणलो, मंदा, ती दगडं...

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्याच पाण्यात हायेत. घरचं घरी गेलं."

मला एकदम भरून आलं. मी डोळं पुसायला उठून बसलो, होडी कलंडली, बाळू ओरडला, आणि मंदा शांतपणानं म्हणाली, "पडून रडा."

आमी शेवटून दुसरं आलो. शेवटच्या होडीचं शीड फाटलं व्हतं, न्हाईतर आमीच शेवटचं. काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंदा उतरली, तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आलं व्हतं, आणि ती हसत व्हती. बाळू म्हणाला, आक्का, पुढल्या वर्षाला मी शिनोलीच्या गवंड्याकडनं चार दगडं घडवून आणतो, मापाची.

मंदा म्हणाली, "कशाला? दगडं चढवा, उतरवा, दोन माणसं लागत्यात. ह्ये आपलं आपण चढतंय, आपलं आपण उतरतंय."

बावीस वर्षांत माझं असं कौतुक तिनं कधी केलं नव्हतं. मला लई बरं वाटलं. मी लगेच उतरायला गेलो. पण तीन दिवस पडून कंबर त्या लाकडांच्या मधी अशी बसली व्हती, जशी चौकटीत पाटी.

मला काढायला चार माणसं लागली.