सासूबाईंचा डावा डोळा

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि माझे यजमान पलटणीत होते, तेव्हाची गोष्ट. उंब्रजजवळच्या घरात मी, सासूबाई आणि माझी आठ महिन्यांची लेक, एवढ्याच होतो. मी सांगलीची, चार यत्ता शिकलेली. सासूबाईंना लहानपणी देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर खोल व्रण होते आणि डावा डोळा गेला होता.

देवी टोचायला डॉक्टर येणार अशी दवंडी पिटली, तेव्हा त्यांनी नातीला पोटाशी धरलं. "आपल्या हातानं देवी अंगात घालायची? न्हाई जमायचं."

खरं म्हणजे मलाही धास्ती वाटत होती.

डॉक्टर यायच्या आधीच शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीला देवी आल्या. तिची आई पोटुशी, तिला माहेरी धाडलं. मग पोरीजवळ बसायला सासूबाई गेल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "मला काय बी व्हायचं न्हाई. एकदा येऊन गेली की ती परत येत न्हाई." तान्हीला लागू नये म्हणून त्या तिकडंच राहिल्या. मी भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवून मागं फिरायची.

बाराव्या दिवशी पोर गेली. सासूबाईंनी तिथली लुगडी जाळली, आंघोळ केली आणि घरी आल्या.

दोन दिवसांनी डॉक्टर चावडीत आले. मी लेकीला घेऊन गेले. सासूबाई मागून आल्या. मी विचारलं, "यानं हिला देवी येणार नाहीत ना?"

"नाही बाई. ही लस वासराच्या अंगावरच्या फोडाची, सौम्य असते. दंडावर एक फोड येईल, दोन दिवस ताप. तेवढ्यात अंग या रोगाला ओळखायला शिकतं. मग खरा रोग आला तरी त्याला थारा मिळत नाही."

सासूबाई पुढं झाल्या. "आवं, मग मला त्या पोरीपाशी काय झालं न्हाई, ते ह्येच्यामुळंच?"

"व्हय, आजी. तुमचं अंग डोळा गमावून शिकलं."

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि दंड स्वतः धरला. रांगेतल्या एका तापलेल्या मुलाला डॉक्टरांनी परत पाठवलं, "ताप उतरल्यावर आणा" म्हणाले. मग हत्यार दिव्यावर तापवून, निववून लेकीला टोचलं.

आठवड्याभरात फोड भरला, लेक तापली. मला रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "रडू नगंस. अंग शिकतंय तिचं." ताप उतरला, पुढं खपली पडली. त्या साली गावात आणखी चार घरांत देवी आल्या; आमच्याकडं नाही.

शेजारीण बाळंत होऊन परत आली, तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला टोचून घे."

ती बाळाकडं बघत राहिली. "पोरीला टोचून घेतलं असतं तर, काकू?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "मागल्या साली डॉक्टर आला, तवा पोरीला लपीव असं मीच म्हणले हुते तुला."

शेजारणीनं बाळ उचललं आणि सासूबाईंच्या ओटीत ठेवलं.