बोलक्या मण्यारणीचं दुखणं

कोल्हारच्या बायका म्हणायच्या, बिस्मिल्लाबी गल्लीच्या तोंडाशी आली की बांगड्यांच्या आधी तिचा आवाज ऐकू येतो. मण्यारणीला बोलावंच लागतं. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, हे तर आहेच. पण मण्यारणीच्या बोलण्याला आणखीही एक काम असतं. काचेची बांगडी भरायची म्हणजे अंगठ्याखालचा उंचवटा दाबून, पंजा निमुळता करून ती अलगद सरकवायची. बाईनं भीतीनं हात ताठ केला की काच गेलीच. म्हणून बिस्मिल्ला हात धरायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. सासवांच्या नकला, बाजारातल्या गमती, काय वाट्टेल ते. बाई हसायची, हात सैल पडायचा आणि बांगडी कधी चढली ते तिला कळायचंही नाही.

चाळिशी उलटली आणि एका सकाळी भाकरीचा घास चावताना तिच्या उजव्या गालातून कळ गेली. तापलेली सुई कुणी जबड्यापासून डोळ्यापर्यंत ओढावी तशी. क्षणात थांबली आणि घटकाभरानं परत आली. पुढं तर गार वारा लागला की कळ, नमाजाआधी वजूचं पाणी गालाला लागलं की कळ, दोन शब्द बोलली तरी कळ. दाढ किडली, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. बाजारातल्या वैदूनं एक दाढ उपटली. कळ जाईना, तेव्हा तिच्या शेजारची उपटली. तरी जाईना, तेव्हा तिच्याही पलीकडची. धडधाकट दाढा होत्या बिचाऱ्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

शेवटी तिचा नवरा बाबाजान तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी सांगितलं, दाढा चांगल्या होत्या, दुखते ती चेहऱ्याची शीर. क्वचित कुणाला होतं. जीव जात नाही, पण मुळासकट बरं करील असं औषध अजून तरी कुणापाशी नाही. शिरेत सुई देऊन ती बधिर करता येईल. काही महिने सुखाचे जातील, मग पुन्हा सुरू होईल. बिस्मिल्लानं सुई घेतली. त्या सुईचं दुखणंही काही कमी नव्हतं. पावसाळाभर ती पोटभर जेवली, पोटभर बोलली. दिवाळीच्या सुमाराला कळ परत आली, ती जास्तच जोर करून.

मग ती गप्प झाली. पदर गालावरून ओढून घ्यायची, हात धरायची आणि खाली मान घालून बांगड्या भरायची. ताठ हातात काच तडकू लागली. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. आधीच महायुद्धाच्या लढाईमुळं चांगल्या बांगड्या मिळेनात, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. बायका काय म्हणणार? मुक्या मण्यारणीचा हात नको, बांगड्या वाढतात, लक्षण बरं न्हाई. माणसाच्या दुखण्याला लोक फार लवकर अपशकुन म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

बाबाजान म्हणाला, "तू घरी बस. मी बाजारात बांगड्यांचं पाल टाकीन." तिनं मान हलवली. तिची आई याच गावात बांगड्या भरायची. हे घरोघरचे उंबरे तिचे होते, आणि एका शिरेपायी ती ते सोडणार नव्हती.

वाट अचानक सापडली. मालनबाई नावाची एक शेतकरीण बांगड्या भरायला बसली आणि बिस्मिल्ला बोलत नाही म्हटल्यावर आपणच सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली. सांगता सांगता तिचा हात लोण्यासारखा मऊ पडला. बिस्मिल्लानं हे ध्यानात ठेवलं. तेव्हापासून ती हात धरून समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघत राही. एवढं मन लावून आपल्याकडं कोण बघतं? बाया बोलू लागत.

पण पाटलांच्या झुंबरबाईंना हे पटलं नव्हतं. वर्षभर त्यांनी तिच्यापुढं हात केला नव्हता. त्यांच्या नातीचं, बनूचं लग्न ठरलं, तेव्हा जुन्या रिवाजापायी तिलाच बोलावलं, पण दारातच बजावलं, "चुड्यातली एक जरी बांगडी वाढली, तर उद्यापासून राहुरीचा कासार येईल. मग या गावात टोपली आनू नको."

बिस्मिल्ला बनूसमोर बसली. घरच्या साऱ्या बाया भोवती. पोरगी सोळाची, दूरच्या खर्ड्याला चाललेली, ओठ मिटून बसलेली. बिस्मिल्लानं तिच्या तोंडाकडं बघितलं, वाट पाहिली. पोरगी काही बोलेना. हात लाकडासारखा. पहिली हिरवी बांगडी उंचवट्याशी अडली आणि काच करकरली. झुंबरबाई पुढं वाकल्या.

आता एकच उपाय उरला होता. बिस्मिल्लाला ठाऊक होतं, तोंड उघडलं की काय होणार. तिनं ते उघडलं.

"बनू, बाळ, भ्या वाटतंय व्हय?"

कळ आली. तिचा गाल थरथरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण बनूच्या हातावरची बोटं हलली नाहीत.

"मलाबी वाटलं हुतं. लई रडले मी." पुन्हा कळ. "माझं दुखनं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तू फकस्त हात सैल सोड."

बनूनं त्या वेड्यावाकड्या झालेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला हुंदका फुटला. "माझ्यासंगं तिकडं कोन बोलंल, बिस्मिल्लाचाची?" ती म्हणाली, आणि मग आईचं, घराचं, मैत्रिणींचं असं बोलतच सुटली. हात सैल झाला. पहिली चढली, दुसरी चढली. चुडा भरला, एकही बांगडी वाढली नाही. रिवाजाप्रमाणं बनू पाया पडली. बिस्मिल्लाला आशीर्वाद बोलवेना, तेव्हा तिनं नुसता हात डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

झुंबरबाई बनूच्या जागी येऊन बसल्या. आपला सुरकुतलेला हात त्यांनी पुढं केला.

"तू बोलू नगं आता," त्या म्हणाल्या. "मी बोलते."