आक्काचा आवाज

आमच्या वडीगोद्रीत एसटी थांबवायला लोक हात दाखवतात, आक्का हाक मारायची. बांधावरून तिनं "ओ डायव्हर!" म्हटलं की हायवेवरच्या ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिकडं ती "दूध संपलं वाटतं" असं स्वतःशीच म्हणाली, की इकडून माझी बायको वाटी घेऊन निघायची.

नवरा लवकर गेला, लेक जालन्याला दिली. मागं राहिलेलं शेत या एकट्या बाईनं आवाजाच्या जोरावर राखलं. "बाईमाणसाला काठी लागत न्हाई बापू, गळा लागतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. शिव्या देण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त वस्तादला कधी शिवी नाही, कधी साधं 'हाड' नाही. वस्ताद म्हणजे तिचा तांबडा कुत्रा, चांगला थोराड गडी. तव्यावरची पहिली भाकर त्याची. लेक कुरकुरली तर आक्का म्हणायची, "तू सणाला येती, ह्यो रोज हाय."

हा वस्ताद मागच्या हिवाळ्यात एकाएकी भेदरला. माणसावर चालून जाणारं जनावर बाजेखाली शिरलं. आक्कानं हाक मारली आणि ते जागच्या जागी मुतलं. आक्कानं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. अंबडहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी कान, दात, पोट सगळं दाबून पाहिलं. "दुखणं काही नाही, कशाला तरी भ्यालाय. कशाला, ते तुम्ही शोधा," म्हणाले. "कोन्या मुडद्यानं मारलं माझ्या लेकराला?" असं म्हणत आक्का अर्ध्या गावाशी भांडून आली.

सापडलं ते भलतंच. मक्यात रानडुकरं फार, म्हणून आमच्याकडं हल्ली जो तो मचाणावर भोंगा बांधतो. आपलाच आवाज त्यात भरायचा, मग तो रात्रंदिवस ओरडत राहतो. आक्कानंही हौसेनं भरला होता, ऐकून सगळं शिवार हसलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं मक्याकडं निघालो, तर वस्ताद लांबून मागंमागं आला. एवढ्यात मचाणावरून आक्का गरजली, "हाड! निघ! तंगडं तोडून हातात देईन!"

वस्तादनं मातीत पोट टेकलं. थरथरत तो एकदा मचाणाकडं बघायचा, एकदा आक्काकडं. आक्काचं तोंड पांढरं पडलं. "माय वं," ती म्हणाली, "ही तर मीच." आणि मटकन बांधावर बसली. रोज सकाळी तिच्या आधी शेतात पोचणाऱ्या त्या मुक्या जिवाला त्याची आई दिसत नव्हती, नुसती हाकलताना ऐकू येत होती.

भोंगा तिनं त्याच पावली काढून विहिरीत फेकला. डुकरांनी मका खाल्ला, तिनं खाऊ दिला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, हाका मारू नका, ओढू नका, त्याच्या मनानं येऊ द्या. आक्कानं ते व्रतासारखं धरलं. बाजेकडं पाठ करून बसायची आणि हळूच भाकरीचा तुकडा मागं सरकवायची. बोलणं पार कुजबुजीवर आलं. आम्हाला तर भिंतीपलीकडं कोणी राहतच नाही असं वाटायला लागलं.

"आक्का, इतकं काय आता? जरा बोलत जा," मी म्हटलं.

"मी जोरानं बोलले की त्याला ते मचाण आठवतं बापू. काय करायचाय असला गळा?"

होळीच्या सुमाराला एके सकाळी वस्ताद बाहेर आला आणि त्यानं तिच्या मांडीवर तोंड ठेवलं. आक्का हुंदका गिळत होती, आवाज होऊ नये म्हणून. भिंतीवरून बघताना मलाच रडू फुटलं.

उन्हाळ्यात आक्का गेली. भर दुपारी, अंगणातल्या लिंबाखाली. मी इकडं जेवत होतो, हाकेच्या काय, कुजबुजीच्या अंतरावर. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार, ओरडायला वेळच मिळाला नसेल. त्यांचं मला पटत नाही. तिला सगळ्यांच्या आधी मी पाहिलं. खोडाला टेकून बसलेली, पदराचा बोळा दातांत गच्च धरलेला, आणि मांडीवर वस्ताद बिनघोर झोपलेला.