भिवंडीच्या भिंती आणि वंदनाताईंचा फोटो

जुन्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती शोधत फिरायचा मला नाद आहे, हे या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे. साबण झाले, खतं झाली, कुटुंब नियोजनही झालं. एड्सच्या जाहिराती मात्र कुठे नीट सापडत नव्हत्या. त्यामुळे भिवंडीहून मेघाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

मेघा माझी कॉलेजातली मैत्रीण. एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती असते. त्यांना नवीन पोस्टर करायचं होतं आणि फोटो काढायला कुणीतरी हवं होतं. बदल्यात ती मला जुन्या भिंती दाखवणार होती. लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने पाडून तिथे गोदामं उठतायत, बघायचं तर आत्ताच ये, असं तिने बजावलं.

पुण्याहून एक्स्प्रेसने कल्याण, तिथून शेअर रिक्षा. भाडं किरकोळ, पण कोन गाव गेल्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकायची तयारी ठेवा. ठाण्याकडून कशेळीमार्गे याल तरी तेच. पाण्याची बाटली आणि तोंडाला रुमाल हवाच. भिवंडीत शिरल्यावर आधी लूमचा खडखडाट ऐकू येतो. पहिला तासभर तो डोक्यात बसतो, मग आपण आपोआप मोठ्याने बोलायला लागतो.

दुपारी मेघाने इस्माईलभाईंची गाठ घालून दिली. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बहुतेक सरकारी भिंती त्यांनीच रंगवलेल्या. आता हात थरथरतो म्हणून दुकान मुलाकडे सोपवलंय. एका बंद कारखान्यामागे ते आम्हाला घेऊन गेले. गवत बाजूला सारलं तर खाली काळी कवटी, तिच्या डोळ्यांत लाल रंग आणि शेजारी मराठीत आणि हिंदीत एकच इशारा: एड्स म्हणजे मरण. रंग उडाला होता, तरी अंगावर येत होतं.

"जो बोला, वो बनाया," इस्माईलभाई म्हणाले. "साहेब लोग बोलायचे, लोक घाबरले पाहिजेत. लोक घाबरले. पर फिर टेस्ट कराने कोई नहीं आया."

पुढचं त्यांनी चालता चालता सांगितलं. काही वर्षांनी कवटी बंद झाली. मग निरोधची चित्रं आली, तेव्हा काही कारखानेवाल्यांनी भिंत द्यायला नकार दिला. त्यानंतर लाल रिबन, फोन नंबर, पुढे मोफत औषधांची माहिती. ट्रक ड्रायव्हर, लूमचे कामगार असे लोक चित्रात दिसायला लागले, पण नेहमी कल्पनेतले. खऱ्या माणसाचा चेहरा कधी काढला का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एवढ्या वर्षांत कुणी दिलाच नव्हता.

तो चेहरा आता वंदनाताई देणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेलार गावात त्यांच्या घरी गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या. दारातून आत गेल्यावर समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि ताजी फुलं. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच्या आजारपणात दोघांची तपासणी झाली, दोघांनाही लागण निघाली. लहान मुलगा मात्र सुखरूप होता. सरकारी दवाखान्यात औषधं मिळायला लागली त्याच्या आधीच नवरा गेला. ताई वाचल्या. आता त्यांच्या रक्तात विषाणू इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही. नव्याने लागण कळलेल्यांचा हात धरून दवाखान्यात न्यायचं काम त्या मेघाच्या संस्थेत करतात.

कवटीच्या भिंतीविषयी मी विचारलं.

"आमच्या पाण्याच्या वाटेवर हुती एक," त्या म्हणाल्या. "रोज हंडा घेऊन समोरून जायची मी. मना वाटायचं, ह्ये माझंच चित्र हाय. लोकांनी आधीच काढून ठेवलंय."

पोस्टरसाठी त्यांनी स्वतःहून होकार दिला होता. पण आज त्या मागेपुढे करत होत्या. त्यांची सून प्राची सात महिन्यांची गरोदर. लग्नाआधी मुलाने तिला सगळं सांगितलं होतं, तिच्या माहेरी मात्र कुणाला माहीत नव्हतं. माहेर कोनचं, आणि पोस्टर लागणार कल्याण-भिवंडी रस्त्यावर. मेघा म्हणाली, पाठमोरा फोटो काढू, काही बिघडत नाही. ताईंनी मान डोलावली. मी कॅमेरा काढायला लागले.

तेवढ्यात प्राची स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सकाळीच आईवडिलांना फोन करून बोलावून घेतलं होतं. "आई, त्यांना पोस्टरवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे," ती ताईंना म्हणाली. ताई चहाची भांडी काढायला आत गेल्या.

व्याही आणि विहीणबाई आले. पाणी झालं, चहा झाला. आम्ही निघायला उठलो, तर ताईंनी माझा हात धरून बसवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. व्याहींनी कप खाली ठेवला. मग पोरीला काही धोका आहे का, असं त्यांनी विचारलं. मेघाने समजावलं की जावयाला लागण नाही, म्हणून मुलीला नाही, बाळालाही नाही.

"लग्नाआधी सांगायला पायजे होतं," ते म्हणाले.

"पायजे होतं," ताई म्हणाल्या. "भ्याले मी."

प्राचीने ताटं वाढली. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, वांग्याचं कालवण. भाकऱ्या ताईंनी थापलेल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी स्वतःचं ताट उचललं आणि त्या आत जेवायला निघाल्या.

"कुठं चाललात?" विहीणबाईंनी विचारलं. "बसा हितंच. आमच्या कोनच्या भिंतीवर लिवलेलं हाय, एकत्र जेवल्यानं एड्स होत न्हाय म्हणून. येता जाता वाचायची. वाटायचं, आपल्याला काय करायचंय." त्यांनी भाकरी मोडली आणि चटणी मागितली. मग व्याहीही ताटाकडे सरकले.

जवळा, ती बारीक सुकी मासळी, मी एरवी खात नाही. त्या दिवशी दोनदा घेतला.

फोटो दुपारी काढला, अंगणात, समोरून. विहीणबाईंनी स्वतः प्राचीचं कपाट उघडून ताईंना नेसायला हिरवी साडी निवडली. व्याही लांब बाकावर बसून होते. ते पूर्ण निवळले असं मी म्हणणार नाही, पण निघताना पुढच्या तपासणीला मुलीला आपल्या गाडीतून नेईन, असं ते ताईंना सांगून गेले. पोस्टरवरचा मजकूर ताईंनीच सुचवला: मी वंदना. औषध रोज घेते. नातवंडाची वाट बघते.

संध्याकाळी भिवंडीच्या बेकरीतून गरम नानखटाई बांधून घेतली. गेलात तर तुम्हीही घ्या. पुण्यात पोचेपर्यंत अर्धी संपली.

त्या कवटीचा फोटो माझ्या संग्रहात आता आहे, चांगला आलाय. पण दोन दिवसांचं काय उरलं म्हणाल तर ते जेवण. घाबरवणाऱ्या भिंती मी एवढ्या लांबून बघायला गेले, आणि एका साध्या वाक्याची भिंत एका बाईने वर्षानुवर्षं मनात बाळगली होती, तिला स्वतःलाही नकळत.

काल ताईंचा फोन आला. पोस्टर लागलं होतं. लोक वळून बघतात, एकदोघं कुजबुजतात, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. सांगायचं वेगळंच होतं. नाक्यावर रिक्षाची वाट बघत असताना एक अनोळखी बाई पोस्टरकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत जवळ आली आणि हळूच म्हणाली, तपासणी कुठे होते? ताईंनी तिला सांगितलं, सरकारी दवाखान्यात, फुकट, आणि नाव कुणाला कळत नाही. बाई तरी हलेना.

"मंग म्या म्हटलं, चल, मीच येते," ताई म्हणाल्या. "आताच चाललोय आम्ही दोघी. ठेवते फोन."